महामार्गांकडून सार्वजनिक वाहतुकीकडे : देशाचं वाहतूक धोरण बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहतुकीचा विषय निघाला की बोलणं रस्ते, गाड्या आणि मेट्रोभोवती फिरतं. पैसा कुठल्या नियमाने वाटला जातो आणि वाहतूक 'चांगली' आहे हे कशावरून ठरवलं जातं, या दोन गोष्टी बाजूलाच राहतात. धोरण मात्र तिथेच ठरतं. पुढची उत्तरं वाचताना हे दोन धागे हातात धरून ठेवावेत.

महामार्ग बंद करायचे, असं म्हणणं आहे का?

नाही. आहेत ते महामार्ग राहणारच. रुग्णवाहिका, शेतमालाचे ट्रक, लांब पल्ल्याच्या बस त्यांवरूनच जाणार आणि त्यांची डागडुजी वेळच्या वेळी व्हायलाच हवी. वाद आहे तो यापुढच्या पैशाचा. बहुतेक देशांत वाहतुकीच्या निधीतला मोठा वाटा आपोआप नव्या पदरांकडे, उड्डाणपुलांकडे आणि बाह्यवळणांकडे जातो. रेल्वे, बस, ट्राम, पदपथ, सायकल यांनी उरल्यासुरल्यात भागवायचं असतं. हे 'आपोआप' थांबवणं म्हणजे धोरण बदलणं.

पण रस्ता रुंद केला की कोंडी सुटते ना?

सुरुवातीला सुटते. मग ये रे माझ्या मागल्या.

रस्ता मोकळा दिसला की गर्दीची वेळ टाळून निघणारे लोक पुन्हा ऐन वेळी निघतात, आडवाटेने जाणारे इकडे वळतात, ट्रेनने जाणारे गाडी बाहेर काढतात. हे काही महिन्यांत होतं. पुढच्या पाच-दहा वर्षांत त्या रस्त्याच्या टोकाला नव्या वसाहती, गोदामं, मॉल उभे राहतात. तिथे राहायला गेलेल्या माणसाला गाडीवाचून गत्यंतर नसतं आणि त्याची रोजची फेरी त्याच रस्त्यावर येऊन पडते. रस्त्याने स्वतःची गर्दी स्वतःच तयार केलेली असते.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या केटी फ्रीवेचं रुंदीकरण २००८ साली पूर्ण झालं. खर्च सुमारे २.८ अब्ज डॉलर. सेवा रस्ते धरून काही ठिकाणी हा मार्ग २६ पदरी आहे. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. हा एकट्या ह्यूस्टनचा दोष नव्हता. जील ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून २०११ साली दाखवून दिलं, की रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढतं. ब्रिटनमध्ये तर सरकारच्याच सल्लागार समितीने १९९४ मध्येच सांगितलं होतं, की नव्या रस्त्यामुळे नवी रहदारी निर्माण होते. त्याआधी तिथली रीत सरळ होती : अमुक साली इतक्या गाड्या येतील असा अंदाज बांधायचा आणि तितके रस्ते बांधायचे. अंदाज खरा ठरायचाच, कारण रस्ताच तो खरा करायचा.

याहून वाईट एक परिणाम असतो. रुंद रस्त्यामुळे बसचे आणि रेल्वेचे प्रवासी कमी झाले की त्यांच्या फेऱ्या कमी केल्या जातात. फेऱ्या कमी झाल्या की उरलेले प्रवासीही सोडून जातात आणि रस्त्यावरच येतात. शेवटी सगळ्यांचाच प्रवास पूर्वीपेक्षा लांबतो, गाडीवाल्यांचासुद्धा. याचाच दुसरा अर्थ असा, की गाडी चालवणाऱ्याला रस्ता मोकळा हवा असेल तर शेजारून जाणारी ट्रेन चांगली असण्यात त्याचाही फायदा आहे. ही गोष्ट मोटारचालकांच्या संघटनांना कुणी समजावून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

महामार्गांनाच इतका पैसा कसा मिळत गेला?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिका आहे, कारण तिथे सगळं कायद्यात लिहून ठेवलेलं आहे.

२९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फेडरल महामार्ग कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरचं आंतरराज्य महामार्गांचं जाळं त्यातून उभं राहायचं होतं. पण खरी ताकद दोन कलमांत होती. पहिलं म्हणजे खर्चाचे ९० टक्के केंद्र सरकार देणार, राज्यांनी फक्त १० टक्के घालायचे. दुसरं म्हणजे पेट्रोलवरचा कर थेट महामार्ग निधीत जमा होणार आणि तो रस्त्यांवरच खर्च होणार. लोक जितकं पेट्रोल जाळतील तितका निधी भरणार, निधी भरला की रस्ते वाढणार, रस्ते वाढले की पेट्रोल आणखी जळणार. दरवर्षी संसदेत भांडायची गरजच उरली नाही.

आता एखाद्या राज्याच्या वाहतूक खात्यातल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शहरातली जुनी ट्रामसेवा सुधारायची तर सगळा पैसा आपल्या खिशातून. महामार्ग बांधायचा तर १०० डॉलरच्या कामाला आपले १० डॉलर. तो अधिकारी गाडीवेडा असायची गरज नाही. साधा हिशोब येणारा कुणीही महामार्गच निवडील.

सार्वजनिक वाहतुकीला केंद्राची मदत सुरू झाली ती १९६४ च्या कायद्याने आणि तीही तुटपुंजी. १९८२ च्या कायद्याने रेगन सरकारने पेट्रोलवरचा कर गॅलनमागे ५ सेंटांनी वाढवला, तेव्हा त्यातले ४ रस्त्यांना आणि १ सार्वजनिक वाहतुकीला असा तोडगा निघाला. हे चारास एक प्रमाण कुठल्या अभ्यासातून आलेलं नव्हतं, मतांच्या जुळवाजुळवीतून आलं होतं. तरीही पुढे दशकानुदशकं त्याला धक्का लागला नाही.

या सगळ्याची किंमत कुणी मोजली तेही सांगायला हवं. शहरांतून महामार्ग न्यायचे तर जमीन स्वस्त आणि विरोध दुबळा अशी वस्ती शोधली जायची. सेंट पॉलमधलं राँडो, मायामीतलं ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिन्समधला क्लेबोर्न रस्ता या कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या होत्या. दुकानं, चर्च, घरं होती. त्यांच्या मधून काँक्रीट गेलं.

पैशाचा हा नियम मोडून दाखवलेलं एखादं ठिकाण आहे का?

बॉस्टन. तिथे नैऋत्येकडून थेट शहरात घुसणारा एक महामार्ग ठरलेला होता. जागा मोकळी करण्यासाठी घरं पाडायला सुरुवातही झाली होती. जमैका प्लेन, रॉक्सबरी भागातल्या रहिवाशांनी विरोध उभा केला आणि १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी त्या पट्ट्यातली महामार्गांची कामं थांबवली. हे सार्जंट पूर्वी त्याच राज्याचे सार्वजनिक बांधकाम आयुक्त होते. आतून सगळं पाहिलेल्या माणसाचा निर्णय होता तो.

पण नुसतं थांबवून भागत नव्हतं. महामार्ग रद्द केला तर केंद्राचा ९० टक्के पैसाही परत जाणार होता. म्हणून लढाई वॉशिंग्टनला गेली आणि १९७३ च्या कायद्यात तरतूद आली, की शहरांनी रद्द केलेल्या आंतरराज्य महामार्गाच्या बदल्यात तेवढ्या निधीतून सार्वजनिक वाहतूक उभारता येईल. पाडलेल्या घरांच्या त्या पट्ट्यात १९८७ साली मेट्रोची ऑरेंज लाइन सुरू झाली. सोबत लांबलचक बाग आणि सायकल मार्गही झाला. आंदोलनाने महामार्ग अडवला खरा, पण जागेवर रेल्वे आली ती पैशाचं कलम बदललं म्हणून.

रस्ते वापरणारे इंधनावर कर भरतात, बस-रेल्वे मात्र तोट्यात चालतात. मग अनुदान कशाला?

रस्ते स्वतःचा खर्च स्वतः काढतात, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतला पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवरच आहे. महागाई वाढली, गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या आणि महामार्ग निधी आटला. २००८ पासून त्यात सर्वसाधारण तिजोरीतून अडीचशे अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ओतावी लागली आहे. हा पैसा गाडी नसलेल्यांनीही भरलेला आहे. शिवाय अपघातातल्या जखमींवरचे उपचार, धुराने होणारे आजार, पार्किंगखाली फुकट अडकलेली जमीन हे कुठल्याच निधीच्या हिशोबात येत नाही.

बसने तोटा केला की बातमी होते. पदपथ तोट्यात आहे असं कुणी म्हणत नाही, गल्लीतला रस्ताही नफा कमावत नाही. दोन्ही सोयी आहेत. एकीला 'गुंतवणूक' आणि दुसरीला 'अनुदान' म्हणायची सवय हिशोबाच्या वहीतून आलेली आहे, वस्तुस्थितीतून नाही.

'चांगली वाहतूक' मोजायची पद्धत इतकी महत्त्वाची का?

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. २००६ साली सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सायकल योजनेला न्यायालयाने स्थगिती दिली. आक्षेप असा होता, की सायकल मार्गांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास शहराने केलेला नाही. सायकलींचा पर्यावरणाला धोका! पण कायद्याच्या चौकटीत तो आक्षेप टिकला, कारण तेव्हा कॅलिफोर्नियात रहदारीचा परिणाम मोजायची पट्टी एकच होती : चौकात गाडीला किती सेकंद थांबावं लागतं. त्यावरून चौकाला 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी मिळायची. सायकलला जागा दिली की गाड्या थोड्या जास्त थांबणार, श्रेणी घसरणार आणि घसरलेली श्रेणी म्हणजे पर्यावरणाची हानी. चार वर्षं, म्हणजे २०१० पर्यंत, ती स्थगिती राहिली.

त्याच पट्टीने चौक रुंद करणं 'पर्यावरणपूरक' ठरायचं आणि शहराबाहेर मोकळ्या माळावर वसाहत वसवणं निर्धोक, कारण तिथे चौकात गर्दीच नसते. २०१३ मध्ये राज्याने कायदा केला आणि २०२० च्या जुलैपासून ही पट्टी बदलली. आता विचारलं जातं, की या प्रकल्पामुळे गाड्यांना एकूण किती अंतर जास्त कापावं लागेल. प्रश्न बदलला आणि उत्तरं उलटी झाली. स्टेशनाजवळची घरं चांगली ठरू लागली.

राष्ट्रीय पातळीवरही हेच आहे. महामार्गाच्या प्रस्तावात फायद्याचा सगळ्यात मोठा आकडा असतो 'वाचलेला वेळ'. लाखो प्रवाशांचे दोन-दोन मिनिटं गुणून अब्जावधींचा लाभ दाखवला जातो. नवी रहदारी येऊन तीच दोन मिनिटं पुन्हा जाणार असतील तर तो लाभ कागदावरच राहतो. त्याऐवजी विचारावं, की अमुक वस्तीतल्या माणसाला पाऊण तासात किती नोकऱ्या, किती दवाखाने, किती शाळा गाठता येतात, आणि गाडी नसेल तर किती?

विजेवरच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल ना?

धुराचा बराचसा मिटेल, आणि तो लहान नाही. ऊर्जेतून होणाऱ्या जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे एक चतुर्थांश वाहतुकीतून येतं, आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश रस्त्यावरून. गाड्या विजेवर यायलाच हव्यात. पण विजेची गाडी जागा तेवढीच अडवते, कोंडी तेवढीच करते, टायर झिजून उडणारी धूळ तशीच राहते आणि धडक बसली तर पायी चालणाऱ्याचं व्हायचं तेच होतं. जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं रस्ते अपघातांत मरतात. शिवाय पेट्रोलची विक्री घटली की महामार्ग निधीचा झराच आटतो, म्हणजे पैशाचा नियम कधी ना कधी नव्याने लिहावाच लागणार आहे. तो आत्ताच नीट लिहावा.

मेट्रो बांधली की झालं, नाही का?

हा सगळ्यात महागडा गैरसमज. बांधकामाला नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो येतात. गाडी रोज, रात्रीसुद्धा, पुढची चाळीस वर्षं चालवायची त्याला उद्घाटन नसतं आणि बहुतेकदा पैसाही नसतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने दोन लाखांहून मोठ्या शहरी भागांना सेवा चालवण्यासाठी मिळणारी केंद्राची मदत जवळजवळ बंदच केली. नवी गाडी घ्यायला पैसे मिळणार, पण ती चालवणाऱ्या चालकाच्या पगाराला नाही. परिणाम असा, की मंदी आली की नवे मार्ग बांधले जात असतानाच जुन्या मार्गांवरच्या फेऱ्या कापल्या जातात.

प्रवाशाला स्टेशनाच्या छताशी कर्तव्य नसतं. त्याला कळायला हवं असतं एवढंच, की गाडी चुकली तर पुढची कधी. अर्ध्या तासाने असेल तर तो वेळापत्रकाचा कैदी होतो. दहा मिनिटांनी असेल तर घड्याळ न पाहता घराबाहेर पडतो. मधे गाडी बदलायची असेल तर हा फरक दुप्पट होतो.

हे कसं साधतं ते एका मार्गावर पाहू. समजा एका बसची जाऊन-येऊन फेरी साठ मिनिटांची आहे. दर अर्ध्या तासाला बस हवी असेल तर दोन गाड्या पुरतात. दर दहा मिनिटांनी हवी असेल तर सहा लागतात. सहा गाड्या, सहा चालक, पाळ्या धरल्या तर त्याहून जास्त. आता रस्त्यावर रंगाचा पट्टा मारून बसला स्वतंत्र मार्गिका द्या, सिग्नलला आधी सोडा, फेरी चाळीस मिनिटांवर येईल. दहा मिनिटांच्या सेवेला आता चारच गाड्या लागतात. दोन गाड्या आणि त्यांचे चालक दुसऱ्या मार्गाला मोकळे झाले, आणि खर्च काय? रंग, थोडे खांब आणि पार्किंग हलवण्याची हिंमत. बसमार्गिका ही आधी पैसा वाचवणारी आणि मग वेळ वाचवणारी गोष्ट आहे, असं मी तर म्हणेन.

मग चालवायला पैसा आणायचा कुठून? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

फ्रान्सने १९७१ मध्ये यावर एक उपाय काढला. आधी पॅरिसच्या परिसरात आणि १९७३ पासून इतर मोठ्या शहरांत ठराविक संख्येहून जास्त कामगार असलेल्या मालकांवर पगाराच्या काही टक्के वाहतूक-कर बसला. तर्क साधा आहे : कामगार वेळेवर कामावर पोचला तर फायदा मालकाचाही आहे. हा पैसा थेट शहराच्या वाहतूक संस्थेकडे जातो आणि त्यातून सेवा चालवताही येते. फ्रान्समधल्या जवळजवळ सगळ्या शहरांनी तोवर आपल्या ट्राम उखडून टाकल्या होत्या. याच पैशाच्या आधारावर १९८५ मध्ये नांतला, १९८७ मध्ये ग्रनोबलला आणि १९९४ मध्ये स्ट्रासबर्गला ट्राम परत आली. पुढे कितीतरी शहरांनी तोच रस्ता धरला.

मेट्रो इतकी महाग का पडते?

कधीकधी खरोखरच अवाजवी महाग पडते आणि सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते झाकू नये. न्यूयॉर्कमध्ये २०१७ च्या पहिल्या दिवशी सुरू झालेला सेकंड अव्हेन्यू मार्गाचा पहिला टप्पा तीन किलोमीटरच्या आतला आहे आणि खर्च सुमारे ४.५ अब्ज डॉलर. माद्रिदने १९९० च्या दशकात कितीतरी स्वस्तात मैलच्या मैल मेट्रो बांधली. फरक मातीत कमी आणि कारभारात जास्त होता. अवाढव्य स्टेशनं, दर ठिकाणी वेगळा नकाशा, खात्यात स्वतःचे अनुभवी अभियंते न उरल्यामुळे प्रत्येक निर्णयाला सल्लागार. वाया गेलेली प्रत्येक रक्कम म्हणजे न बांधलेलं पुढचं स्टेशन.

तिकीट फुकट केलं तर लोक गाड्या सोडतील का?

फारसे नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ मध्ये रहिवाशांना प्रवास मोफत केला. तेव्हा बसमध्ये आलेल्यांत पूर्वी पायी जाणारे बरेच होते. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोत महिनाभर देशभरच्या प्रादेशिक गाड्यांत फिरण्याचं तिकीट दिलं. सुमारे ५.२ कोटी तिकिटं विकली गेली, लोक खूश झाले, आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्यातूनच मे २०२३ मध्ये ४९ युरोचं कायमस्वरूपी तिकीट आलं. एकच तिकीट सगळीकडे चालतं ही त्यातली मोलाची गोष्ट, वेगवेगळ्या विभागांची किचकट भाडी एका फटक्यात गेली. पण ज्या रुळांवर वर्षानुवर्षं दुरुस्तीचा पैसा घातलेला नाही तिथे स्वस्त तिकिटाने गाडी वेळेवर येत नाही. हातात मर्यादित पैसा असेल तर आधी फेऱ्या वाढवाव्यात. गरिबांना सवलत द्यावीच, ती वेगळी देता येते.

खेड्यांचं काय? तिथे गाडीला पर्याय नाही.

मेट्रो नाही जाणार, पण हक्काची बस जाऊ शकते. स्वित्झर्लंडमध्ये वर्षभर किमान शंभर लोक राहत असलेल्या वस्तीपर्यंतची सेवा केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीला पात्र ठरते. नियम एवढाच आहे आणि त्यामुळे डोंगरातल्या गावालाही पिवळी पोस्टबस मिळते. ती बस स्टेशनावर ट्रेनच्या थोडी आधी पोचते आणि ट्रेन आल्यावर थोड्या वेळाने सुटते. महत्त्व या जुळणीला आहे. ट्रेन गेल्यावर पाच मिनिटांनी येणारी बस नसल्यातच जमा.

खेड्यात गाडी राहील. तरी घरातली दुसरी गाडी घ्यावी लागली नाही, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात जायला मुलाची सुट्टी लागली नाही, बारावीतल्या मुलीला कॉलेजसाठी गाव सोडावं लागलं नाही, तरी पुष्कळ झालं.

मालवाहतूक रेल्वेवर जाईल का?

आपण होऊन जात नाही. आल्प्स ओलांडणाऱ्या ट्रकांना कंटाळून स्वित्झर्लंडच्या मतदारांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये घटनेतच कलम घालून घेतलं, की सीमेपासून सीमेपर्यंत जाणारा माल रेल्वेवर हलवावा. २००१ पासून ३.५ टनांहून जड वाहनांवर वजन, अंतर आणि धूर यांनुसार शुल्क बसलं. त्या शुल्कातला मोठा हिस्सा रेल्वे बोगद्यांना गेला आणि २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा गॉटहार्ड पायथा बोगदा उघडला. आज स्विस आल्प्समधून जाणाऱ्या मालापैकी सुमारे ७० टक्के रुळांवरून जातो. शेजारच्या ऑस्ट्रियातल्या ब्रेनर खिंडीत चित्र जवळपास उलटं आहे. डोंगर तोच, माल तसाच, नियम वेगळे. एक उणीव मात्र अजून आहे : बोगद्याकडे येणारा जर्मनीतला ऱ्हाइन खोऱ्यातला लोहमार्ग मागे पडला आहे. एका देशाने केलेलं काम शेजाऱ्याच्या दिरंगाईने अडतं.

शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणं गरिबांवर अन्याय नाही का?

पर्याय न देता लावलं तर अन्यायच. स्टॉकहोमने क्रम नीट पाळला. २००५ मध्ये आधी जवळपास दोनशे नव्या बस आणल्या आणि मग जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने शुल्क लावून पाहिलं. शुल्काच्या हद्दीतून जाणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. प्रयोगाआधी बहुसंख्य लोक विरोधात होते. मोकळे रस्ते डोळ्यांनी पाहिल्यावर सप्टेंबरमधल्या मतदानात शहराने थोड्या फरकाने होकार दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी वेगळं मतदान घेतलं तिथे मात्र कौल विरोधात गेला. जिथे बस कमी तिथे राग जास्त, हे स्वाभाविक आहे आणि धोरण आखणाऱ्यांनी ते मनावर घ्यावं.

म्हणजे यापुढे नवा रस्ता बांधायचाच नाही?

बांधावा, पण कारण सांगून. वेल्सच्या सरकारने जून २०२१ मध्ये नव्या रस्त्यांचे प्रस्ताव थांबवले, पन्नासहून जास्त प्रस्ताव तपासले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांतले बरेच रद्द केले. यापुढे रस्त्यावर पैसा घालायचा तर तो लोकांना शाश्वत वाहतुकीकडे वळवणारा, छोट्या बदलांतून अपघात कमी करणारा, हवामान बदलातही रस्ता टिकवणारा किंवा नव्या वसाहतींना सार्वजनिक वाहतुकीच्या अंगाने जोडणारा असावा, अशा कसोट्या ठरल्या. गाड्यांचा वेग किंवा रस्त्याची क्षमता वाढवणं हे कारण पुरेसं राहिलं नाही. विरोध खूप झाला. 'रस्ते अडवले, बस कुठे आहेत?' हा त्यातला प्रश्न रास्त होता.

हा बदल व्हायला किती वर्षं लागतात? आणि लोक त्याच्या बाजूने मत देतात का?

एका निवडणुकीत मावणारं हे काम नाही. स्वित्झर्लंडने डिसेंबर १९८७ मध्ये 'बान २०००' या रेल्वे योजनेला जनमताने मंजुरी दिली. दिशा अशी होती, की गाड्या जास्तीत जास्त वेगाने पळवण्यापेक्षा लागेल तेवढ्याच वेगाने न्यायच्या. मोठ्या स्टेशनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याला थोड्या आधी याव्यात, थोड्या नंतर सुटाव्यात आणि प्रवाशाने पलीकडच्या फलाटावर जाऊन दुसरी पकडावी. त्यासाठी दोन स्टेशनांमधला प्रवास तासापेक्षा किंचित कमी हवा. झुरिक-बर्न प्रवास तेवढा आणायला नवा लोहमार्ग टाकला, जिथे गरज नव्हती तिथे टाकला नाही. आधी वेळापत्रक ठरलं, मग बांधकाम. डिसेंबर २००४ मध्ये ते वेळापत्रक एका रात्रीत देशभर लागू झालं, मंजुरीनंतर सतरा वर्षांनी. २०१४ च्या मतदानात रेल्वेसाठी कायमस्वरूपी निधीही मंजूर झाला, म्हणजे दर अर्थसंकल्पात हात पसरायचं कारण उरलं नाही. १९५६ मध्ये अमेरिकेने रस्त्यांसाठी जे केलं होतं ते इथे रुळांसाठी झालं.

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच देशात महामार्गांचे सहा टप्पे रुंद करण्याच्या योजनेवर मतदान झालं. सरकार आणि संसद दोन्ही योजनेच्या बाजूने होती आणि खर्च सुमारे ४.९ अब्ज फ्रँक होता. ५२.७ टक्के लोकांनी नकार दिला. स्वित्झर्लंडमध्ये गाड्या कमी नाहीत, नकार देणाऱ्यांतही कितीतरी जण रोज गाडी चालवणारे असणार. पण त्यांच्यासमोर तोवर रोज वेळेवर येणारी ट्रेन होती.